हल्ली मुक्काम, मुलुंड पूर्व

परबकाका मला पहिल्यांदा भेटले ते जिन्यात. मुलुंड पूर्वेच्या आमच्या सोसायटीत मी राहायला आले त्या दिवशी लिफ्ट बंद होती, आणि एक लाकडी खुर्ची डोक्यावर घेऊन मी दुसऱ्या मजल्याकडे निघाले होते. वरून पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा घातलेला एक किडकिडीत म्हातारा उतरला. वाट द्यायची सोडून मध्येच उभा राहिला आणि म्हणाला, "गाव खंयचो?"

मी धापा टाकत "सातारा" म्हटलं.

"तुझो नाय गो. खुर्चीचो."

खुर्चीला गाव असतं हे मला माहीत नव्हतं. "अरबस्तान," त्यांनीच सांगून टाकलं. "इराणातून हिंडत हिंडत आली. आता मुलुंड पूर्व, बी विंग, दुसरा माळा. सांभाळून ने, लांबून आलीय बिचारी." एवढं बोलून त्यांनी खुर्चीचे मागचे दोन पाय धरले आणि ती माझ्या दारापर्यंत पोचवून दिली. माणूस विक्षिप्त आहे पण निरुपद्रवी आहे, असं मी त्या दिवशी ठरवलं. यातलं पहिलं बरोबर निघालं.

काका मूळचे कुडाळकडचे. वडील गिरणीत होते. हे शिकले आणि एका दिवाणी कोर्टात चिकटले, ते नाजर होऊन निवृत्त झाले. नाजर म्हणजे समन्स बजावणाऱ्या बेलिफांवरचा अधिकारी. चौतीस वर्षं त्यांच्या कानांवरून दावा, फिर्याद, मुदत, जामीन, वारस, हुकूम असे शब्द गेले. एवढे सगळे पाहुणे कोर्टात बसले आहेत आणि त्यांचं गाव कोणी विचारत नाही, याचं त्यांना वाईट वाटायचं. निवृत्तीनंतर त्यांनी ते विचारायला घेतलं.

त्यांची पद्धत कोर्टाचीच होती. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी सारख्या मापाने कापायच्या आणि एका शब्दाला एक चिठ्ठी करायची. चिठ्ठीवर पाच ओळी असत: मूळ गाव, मार्फत, हल्ली मुक्काम, साक्ष, शेरा. हल्ली मुक्कामापुढे कायम 'मुलुंड पूर्व' असे. चिठ्ठ्यांचे गठ्ठे ते लाल फडक्यात बांधत. त्याला कोर्टातल्यासारखंच रुमाल म्हणत आणि त्या रुमालाचीही चिठ्ठी रुमालात होती.

काकू म्हणायच्या, "ह्यांना माझा वाढदिवस आठवत नाय. पायजम्याचं गाव विचार, लगेच सांगतील."

"इराण," काका आतल्या खोलीतून सांगायचे.

पण खरी गंमत साक्षीची होती. कोशात छापलंय म्हणून काका काही मान्य करत नसत. ज्याच्या घरात तो शब्द रोज वापरला जातो किंवा ज्याने तो आयुष्यभर शिकवला, अशा जिवंत माणसाच्या तोंडून तो ऐकायचा. मग चिठ्ठी त्याला मोठ्याने वाचून दाखवायची आणि त्याने "बरोबर आहे" म्हटलं की खाली सही घ्यायची. फारसीसाठी अंधेरीतले एक वयस्कर इराणी बेकरीवाले होते. त्यांच्याकडून सातासाठी 'हफ्त' ऐकून आले त्या दिवशी काका घरी जाईपर्यंत थांबले नाहीत. जिन्यातच मला सांगितलं, "हप्ता आणि सप्ताह चुलत भाऊ निघाले गो! दार आणि दरवाजा पण. इतकी वर्षं एकाच घरात राहतात आणि एकमेकांना ओळखत नाहीत."

अरबीचे साक्षीदार खलील मास्तर. गोवंडीच्या एका शाळेत त्यांनी उर्दू आणि अरबी शिकवली होती. मूळचे रत्नागिरीकडचे, त्यामुळे मराठी स्वच्छ. फार पूर्वी कुठल्याशा दाव्यात ते साक्षीला आले होते. वकिलाने किती खोदून विचारलं तरी "मी पाहिलं तेवढंच सांगणार" यापलीकडे हलले नाहीत. काकांनी तेव्हाच हा माणूस मनात नोंदवून ठेवला आणि निवृत्तीनंतर हुडकून काढला. दर गुरुवारी चार वाजता मास्तर यायचे, खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचे, चहा प्यायचे आणि साक्ष द्यायचे. 'मसुदा' या शब्दाच्या दिवशी मी तिथे होते. मास्तर म्हणाले, "काळं केलेलं, असा अर्थ. कागद काळा केला तो मसुदा." शाई म्हणजेही फारसीत काळेपणाच, हे काकांनी आधी लिहून ठेवलं होतं. दोन वेगळ्या गावांची दोन माणसं एकाच टेबलावर भेटली म्हणून काकांनी त्या दिवशी काकूंना शिरा करायला लावला.

अर्धवट ऐकलेलं ते लिहीत नसत. "अर्धी साक्ष घेणं म्हणजे खोटी साक्ष घेणं," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. मास्तर मान हलवायचे. हे वाक्य मी शंभरदा ऐकलं असेन आणि एकदाही मनावर घेतलं नाही.

एका वर्षी सोसायटीच्या सभेत कोणीतरी टूम काढली की, सूचनाफलकावर शुद्ध मराठी असावी, परके शब्द नकोत. काका शांतपणे उठले. फलकावर आधीची सूचना होती: सभासदांनी ठरल्या तारखेस हजर राहावे, गैरहजर सभासदाची तक्रार मंजूर होणार नाही, मजकूर सोसायटीच्या दप्तरी दाखल आहे. काकांनी तारीख, हजर, गैरहजर, तक्रार, मंजूर, मजकूर, दप्तर आणि दाखल यांच्याखाली लाल रेघ मारली आणि म्हणाले, "ह्यांना घालवा. मग राहिले त्यांची सभा घ्या." लोक हसले. सेक्रेटरी म्हणाले, काका, हे गणपतीच्या स्मरणिकेत लिहाच.

स्मरणिकेची संपादक मी होते. विमा कंपनीतली नोकरी सांभाळून मराठी टाइप करू शकणारी सोसायटीत मी एकटीच, एवढीच माझी पात्रता. काकांनी त्या सूचनेतल्या आठही शब्दांच्या चिठ्ठ्या लेखात द्यायच्या ठरवल्या. सात तयार होत्या, 'दप्तर' राहिला होता. गुरुवारी मी मुद्दाम जाऊन बसले.

मास्तरांनी बराच वेळ विचार केला. मग म्हणाले, "आमच्याकडे आहे. वहीला आम्ही दफ्तर म्हणतो. पण आमचा आहे असं मी म्हणणार नाही. अरबी शब्दाचं घराणं असतं, एका मुळाची दहा भावंडं दिसतात. ह्याचं कोणी दिसत नाही. युनानाकडून, म्हणजे ग्रीसहून आला असं ऐकलंय. खात्री करून सांगतो."

काकांनी सगळं शब्दशः उतरवलं, वाचून दाखवलं आणि सही घेतली. मूळ गावापुढची जागा मोकळी ठेवली.

पान लावताना चार ओळी जास्त झाल्या. खाली एका क्लासची जाहिरात होती आणि जाहिरात कापता येत नाही. मी मास्तरांची साक्ष 'दफ्तर म्हणतो' इथे तोडली. मूळ गावापुढची मोकळी जागा छापल्यावर बरी दिसेना, म्हणून तिथे 'अरबस्तान' टाकलं. बाकीच्या सातही चिठ्ठ्यांवर तेच तर होतं. प्रूफ घेऊन काकांकडे गेले तेव्हा चष्मा कपाळावरच ठेवून त्यांनी पानाच्या कडेला सही केली. "तू टाइप केलंस ना? मग बघूक काय हवा?" आयुष्यात न वाचता केलेली त्यांची ती पहिली सही असावी.

स्मरणिका निघाली त्यानंतरच्या गुरुवारी मी वाटीभर मोदकांचं सारण द्यायला त्यांच्याकडे गेले होते. मास्तर आले, पण बसले नाहीत. हातात स्मरणिका होती.

"परबसाहेब, माझी साक्ष तुम्ही पूर्ण लिहून घेतली होती. छापली अर्धी. जे गाव मी बोललो नाही ते माझ्या नावावर घातलं. मी शिकवलेली मुलं आज कॉलेजात शिकवतात. त्यांनी मला विचारलं, मास्तर, तुम्ही हे म्हणालात? मी काय सांगू? अर्धी साक्ष म्हणजे काय, हे तुम्हीच मला सांगत होता ना?"

काकांनी चष्मा लावला आणि ते पान पहिल्यांदा वाचलं. सावकाश, खालपर्यंत. मी तोंड उघडलं तर त्यांनी माझ्याकडे न बघताच हात वर केला.

"सही माझी आहे, मास्तर. चूक माझी."

मास्तर थोडा वेळ थांबले. बहुधा आणखी काही ऐकायला मिळेल असं त्यांना वाटलं असावं. मग ते गेले.

"काका, तुमचा मूळ कागद दाखवा त्यांना. मी सांगते ना."

"तू काय बोलायचं नाय." आवाज वरचा नव्हता, पण त्या आवाजापुढे बेलिफ का उभे राहत असतील ते कळलं. "नाजराने न वाचता सही करायची आणि मग खालच्या माणसावर ढकलायचं? नोकरीत केलं नाय, आता कशाला करू?"

त्यांनी मना केलं होतं हे खरं. मला ते सोयीचं होतं, हेही खरं.

दुसऱ्या दिवसापासून काका दुरुस्तीच्या पट्ट्या आणि खळीची वाटी घेऊन सोसायटीच्या छप्पन्न घरी गेले. दार वाजवायचे, स्मरणिका मागायचे, पट्टी चिकटवायचे आणि तळव्याने दाबून परत द्यायचे. पट्टीवर मास्तरांची साक्ष पूर्ण होती, आणि खाली 'चूक माझी' आणि सही. सेक्रेटरी म्हणाले, "काका, कोण वाचतंय?"

"मास्तरांनी वाचलं ना."

काही घरांतून स्मरणिका रद्दीत गेली होती. तिथे त्यांनी नुसती पट्टी वाचून दाखवली. शेवटी एकटे गोवंडीला जाऊन आले. मास्तरांनी पट्टी लावू दिली, चहा दिला, रिक्षापर्यंत सोडायला आले. पण पुढच्या गुरुवारी आले नाहीत. त्यानंतरच्याही नाही. रमजानमध्ये नेहमीसारखा खजुराचा डबा कोणाच्या तरी हाती आला. काका तो बराच वेळ हातात घेऊन बसले. "भांडलो असतो तर बरा झाला असता," म्हणाले.

काम थांबलं नाही, पण पुढेही सरकेना. अरबी शब्दांच्या नव्या चिठ्ठ्या साक्षीवाचून एका वेगळ्या रुमालात जमत गेल्या. त्यावर त्यांनी 'तहकूब' लिहिलं. मी म्हटलं, हे सगळं फोनवर मिळतं हो. तर म्हणाले, "फोनाची उलटतपासणी कशी घेऊ?" दर गुरुवारी चार वाजता मात्र खिडकीजवळच्या खुर्चीवर कोणाला बसू देत नसत. काकू दोन कप चहा टाकायच्या आणि दुसरा स्वतः प्यायच्या. मी ते बघत होते. गोवंडी काही लांब नाही. मी गेले नाही.

आंब्यांच्या दिवसांत एका सकाळी दाढी करताना काका गेले. दाखल्याचा फॉर्म मीच भरला. 'मयताचे नाव' या ओळीशी हात थबकला, कारण याचं गाव त्यांनी मला सांगितलेलं होतं.

तेराव्यानंतरच्या गुरुवारी चार वाजता मास्तर आले. काकूंनी खिडकीजवळची खुर्ची दाखवली, चहा ठेवला आणि तहकूब रुमाल आणून त्यांच्यासमोर ठेवला. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं: जाहिरात, चार ओळी, मोकळी जागा.

"त्यांनी मला सांगितलं नाही," मास्तर म्हणाले.

"नाही."

"तुम्हीही नाही. आठ-नऊ महिने झाले, ताई."

"हो."

त्यांनी चहा तसाच बाजूला सारला. मला वाटलं उठतील. पण त्यांनी रुमालाची गाठ सोडली. सगळ्यांत वर 'दप्तर'ची मूळ चिठ्ठी होती, त्यांच्या स्वतःच्या सहीची. साक्ष पूर्ण होती. मूळ गावापुढची जागा अजून मोकळीच होती. शेऱ्यात लिहिलं होतं, 'छपाईत चूक माझी. परब.' मास्तरांनी ते वाचलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं.

"खात्री करून सांगतो म्हणालो होतो. केली तेव्हाच. सांगायला आलो नाही." त्यांनी मोकळ्या जागेत 'युनान' लिहिलं. मग चिठ्ठी उलटी करून लग्नपत्रिकेच्या कडेची कोरी जागा शोधली आणि पेन माझ्याकडे दिलं. "आता तुमची साक्ष राहिलीय. पूर्ण लिहा."

मी लिहिलं: साक्ष मी तोडली. गाव मी घातलं. परबकाकांनी न वाचता सही केली, कारण टाइप मी केलं होतं. खाली नाव.

"वाचून दाखवा."

मी मोठ्याने वाचलं. शेवटच्या वाक्याला मला रडू आलं. काका गेले तेव्हाही आलं नव्हतं. मास्तर ते संपेपर्यंत थांबले, आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला सांगितलं. मी वाचलं.

"बरोबर आहे," ते म्हणाले आणि खाली सही केली.

मग त्यांनी गार झालेला चहा घेतला आणि पुढची चिठ्ठी काढायला सांगितली.