मामांचं चिडाचं झाड

झाडाला थंडी वाजावी म्हणून धडपडणारा माणूस अख्ख्या वसई तालुक्यात एकच होता, आमच्या ह्यांचे मामा. उत्तरेच्या डोंगरांत मोजणीखात्यात नोकरी करून ते निर्मळला परतले ते दुधाच्या पावडरीच्या डब्यात चिडाचं, म्हणजे डोंगरातल्या पाइनचं, रोप घेऊन. केळीच्या बागेत ते ताठ वाढलं. वारा पडलेला असतानाही त्याच्या सुया सुस्कारे टाकत. शेजारच्या ख्रिस्ती मावशी क्रूसाची खूण करूनच तिकडून जायच्या.

"मामा, तुमचं सुरूचं झाड कुणाशी बोलतं हो?" त्या विचारायच्या.

"सुरू नाही, चीड!" मामांना खरोखरच चीड यायची.

"थंडीची चाहूल लागली की हे सुयांतलं पाणी आवरतं, साखर साठवतं," ते मला सांगत. "इथं थंडीच नाही. बिचारं तयारी कशाची करणार?" म्हणून डिसेंबरात ते मासळीबाजारातला बर्फ आणून मुळाशी लावत. मग गावभरची मांजरं झाडाभोवती गोल करून गप्प बसून राहत.

एका दिवाळीआधी साफसफाईच्या यादीत मी 'झाड पुसणे' हेही लिहिलं. छाटलेल्या फांदीखाली बुंध्यावर पिवळट, चिकट ओघळ आले होते. पाहुणे काय म्हणतील! जुन्या निळ्या लुगड्याचा बोळा घासलेटात बुडवून मी सगळं खरवडून काढलं आणि यादीवर खूण केली. मामा बाजारातून आले आणि खरवडलेल्या जागेवरून बोट फिरवू लागले.

"सूनबाई, खपली काढलीस गं. राळ होती ती. बुरशी आत शिरू नये म्हणून झाडानंच लावलेली."

"मला वाटलं, गळतंय."

"लढत होतं ते."

महिन्याभरात एका बाजूच्या सुया तांबूस झाल्या, बुंध्यावर काळा डाग पसरला. मामांचं जेवण तुटलं. रोज सकाळी यादीत मी नुसतं 'झाड' लिहायचे; पुढे खूण करता यायची नाही.

पौषातल्या एका गार सकाळी मामांनी हाक मारली. मी खरवडलं होतं नेमकं तिथं ताजी राळ दाटली होती, डागाला चहूकडून कोंडून. तिच्यात दोन किडे अडकले होते, पाय पसरून. आणि त्यांच्याशेजारी, तितकाच नीट गाडलेला, माझ्या लुगड्याचा निळा धागा.

"तुलाही कीडच समजलं की गं ते!" मामा कितीतरी दिवसांनी हसले.

मामा आता नाहीत. झाड आहे. जवळून जाताना मी पदर आवरून घेते आणि हळूच सांगते, "मीच आहे रे, मामांची सूनबाई."