दाजींनी पास केलेली गीतं

शनिवारी संध्याकाळी चर्चच्या पायऱ्यांवर आमची जुंपली होती. नाताळाला आमच्या गायन मंडळीने कोणतं गीत घ्यायचं, यावरून. मला हवं होतं ते चार आवाजांचं, मोठं, दणदणीत. मोबाईलवर ऐकवून निम्म्या मंडळीला मी फितवलंही होतं. एस्तेरताईंनी ते शेवटपर्यंत ऐकलं, पदराने चष्मा पुसला आणि म्हणाल्या, ‘छान आहे गं. पण आपण गाणार आणि बाकावरची माणसं नुसती बघत बसणार. माझ्या घरी अकोल्याकडचं एक चाललंय, तिसऱ्या ओळीला अडतंय तेवढं. सोमवारी सांगते.’ त्या गीताच्या दोन ओळी त्यांनी तिथेच गुणगुणून दाखवल्या, तिसरीचं अवघड वळणही घेतलं, आणि भाजी घ्यायची म्हणून निघून गेल्या. सोमवारी सकाळी मी मेथी निवडत होते तेव्हा फोन आला. नळाला पाणी आलं म्हणून ताई उठल्या, छातीत कळ आली, आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मी फोन ठेवला आणि उरलेली मेथी निवडत बसले. अख्खी जुडी निवडली. असं का केलं, ते मला आजही सांगता येत नाही. आदल्याच दिवशी उपासनेत पहिल्या रांगेत उभं राहून गायलेलं धडधाकट माणूस... असं कसं जातं?

एस्तेरताई श्रीरामपुरात शाळेत गणित शिकवायच्या. निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली होती, पण आमच्या चर्चमध्ये त्यांची ओळख म्हणजे गीतं निवडणाऱ्या बाई. त्यांच्याहून गोड गळ्याच्या आमच्यात पुष्कळ जणी होत्या. निवड मात्र त्यांनीच करायची, त्यात कुणाची ढवळाढवळ खपत नसे. पाळकसाहेब रविवारचा शास्त्रपाठ आधी कळवत. तो वाचून ताई दोन-चार गीतं बाजूला काढत आणि मग त्या गीतांची खरी परीक्षा त्यांच्या स्वयंपाकघरात व्हायची. भाकरी थापताना त्या गायच्या. बाहेर ओसरीवर त्यांचे यजमान, शांतवनदाजी, खांबाला आरसा अडकवून दाढी करत बसलेले असायचे. दाजींचा उभा जन्म साखर कारखान्यात गेलेला. मिलच्या खडखडाटाने कान निम्मे गेलेले आणि सुराशी तर त्यांचं जन्माचं वाकडं. बायको गायन मंडळीची प्रमुख असूनही त्यांना मंडळीत कधी घेतलं गेलं नाही, आणि त्यांनी कधी मागितलंही नाही. पण जे गीत दाजी आपल्या नकळत गुणगुणू लागत, ते पास. आठवडाभरात ओठांवर आलं नाही, तर बाद, मग ते कितीही नावाजलेलं असो. ‘ह्यांच्या कानात शिरलं ते कुणाच्याही कानात शिरेल,’ असं ताईंचं साधं गणित होतं. सरावाला जमलो की आम्ही आधी विचारायचो, दाजींनी पास केलं का? दाजींना मात्र यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना सांगायचं नाही अशी आम्हाला सक्त ताकीद होती, कारण मुद्दाम गुणगुणले तर ती परीक्षा कसली.

कुणाच्या दफनविधीला काय गायचं हेही त्याच ठरवत. घरचे येऊन मयताचं आवडतं गीत सांगू लागले की ताई विचारत, ते राहू दे, माणूस काम करताना काय गुणगुणायचा? एकदा, वर्षातून फक्त नाताळाला चर्चची पायरी चढणारे एक गृहस्थ वारले. ताईंनी भर वैशाखात, अंगातून घामाच्या धारा वाहत असताना, आम्हाला नाताळचं गीत गायला लावलं. लोकांनी नाकं मुरडली. माझंही नाक त्यात होतं. पण त्या माणसाचे तिन्ही मुलगे, जे तोवर दगडासारखे उभे होते, ते पहिल्या ओळीला रडले.

आणि ताईंच्या वेळी? पाळकसाहेबांनी मला हळूच विचारलं, कोणतं गीत घ्यायचं. मी सवयीने मान वळवली, ताईंना विचारायला. समोर त्यांची शवपेटी होती... अख्ख्या गावाच्या मरणाला गीत काढून देणाऱ्या बाईने स्वतःसाठी काहीच काढून ठेवलं नव्हतं. ठेवणार तरी कशाला, त्यांना थोडंच जायचं होतं? शेवटी सगळ्यांना पाठ असलेलं एक घेतलं. बाजाच्या पेटीवर सुरुवातीची ओळ वाजली, आम्ही श्वास भरून घेतला आणि थांबलो. पहिला सूर नेहमी ताई द्यायच्या, ओठ मिटून, फक्त आम्हाला ऐकू येईल असा. पेटीवाल्याने ओळ पुन्हा वाजवली. आम्ही तरीही तसेच उभे. मग मागच्या बाकावरून कुणा बाईने भलत्याच पट्टीत सुरुवात केली, बाकांवरच्या सगळ्यांनी ते उचललं आणि आम्ही, सराव केलेली गायन मंडळी, त्यांच्या मागून फरफटत गेलो.

आता नाताळ तोंडावर आलाय आणि निवड माझ्या गळ्यात पडलीय. ते दणदणीत गीत घ्यायला आता कुणाची ना नाही. पण मोबाईलवर ते लावलं की माझा मलाच राग येतो. अकोल्याकडचं घ्यावं, तर त्याचा निकाल ताई सांगून गेल्या नाहीत. परवा सकाळी मी दाजींकडे डबा घेऊन गेले. ओसरीवर आरसा तसाच अडकवलेला, गालाला साबण लावून दाजी बसलेले. स्वयंपाकघरात तवा उपडा पडलेला, चूल गार. आणि मी पायरीवरच थबकले. दाजी गुणगुणत होते. पहिली ओळ, दुसरी ओळ... तिसऱ्या ओळीचं ते वळण त्यांनी घेतलंच नाही, त्यावरून सरळ चालत पुढे गेले.

मी जवळ जाऊन मोठ्याने विचारलं, ‘दाजी, हे कोणतं गीत?’

‘मी कुठं काय गातोय?’ दाजी आरशातून बघत म्हणाले. ‘मला न्हाई येत बाई गानं. तिलाच इचार की, आत हाय.’

मग त्यांचा वस्तरा गालावरच थांबला. आम्ही दोघंही स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहिलो.

शनिवारपासून सराव सुरू होतोय. मंडळीला मी एवढंच कळवलंय की अकोल्याकडचं गीत पास झालं, आणि तिसरी ओळ सरळ गायची आहे, दाजी गातात तशी.