कासवाचा दुखवटा

बायको गेल्यावर मुलुंडच्या आमच्या घरात दोन जीव उरले: मी आणि कासव. डिसेंबरात त्यातल्या एकाबद्दल शंका येऊ लागली.

जमिनीवरचं कासव होतं ते, फुलक्याएवढं, पाठीवर पिवळ्या रेघांच्या चांदण्या. हिच्या शाळेतल्या एका बाईंची बदली झाली तेव्हा त्यांनी ते हिच्या गळ्यात मारलं होतं. स्वयंपाकघरात, ओट्याखालच्या लाकडी खोक्यात ते राहायचं. ही त्याच्याशी खूप बोलायची. माझ्याशी बोलते त्यापेक्षा जास्त, अशी मी तक्रार केली तर म्हणायची, "ते मधे बोलत नाही."

ही पावसाळा संपता संपता गेली आणि थंडी पडू लागली तसं कासवाने खाणं सोडलं. सकाळी ठेवलेलं कोबीचं पान संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर तसंच कोमेजलेलं दिसायचं. मान आत, पाय आत. पाण्यात ठेवून पाहिलं, पाठीवर टिचकी मारून पाहिलं. कधी एक डोळा अर्धा उघडायचा, पुन्हा मिटायचा.

मालकामागोमाग प्राण सोडणारा पोपट, देवळासमोर आसवं गाळणारी गाय, असल्या बातम्या मी आयुष्यभर चहाबरोबर हसत वाचल्या आहेत. तरी मला वाटू लागलं की हे तिच्यासाठी झुरतंय. तेरावं उरकून नातेवाईक आपापल्या गावी गेले होते. सोसायटीतले लोक आधी जिन्यात मला पाहून आवाज खाली आणायचे, आता तेही पुन्हा नळाच्या पाण्यावरून भांडू लागले होते. दुखवटा पाळणारं घरात ते एकच होतं. ते गेलं असतं तर ती या घरात होती हे ठाऊक असलेला मी एकटा राहिलो असतो. म्हणून मी रोज जेवणाचा डबा खोक्यापाशी घेऊन बसायचो. खाणावळीची भाजी कशी आहे, हे त्याला सांगायचो. ते मधे बोलत नसे, हे खरं होतं.

समोरच्या मालवणी आजी एकदा वाकून बघून गेल्या. "ह्यां हलणा नाय रे. जितां आसा मां?"

"आहे बहुतेक."

"आणि तू?" म्हणाल्या, आणि वाटीभर सोलकढी ओट्यावर ठेवून निघून गेल्या.

जानेवारीत चेअरमन आले. आमच्या सोसायटीत सव्वीस जानेवारीला सकाळी झेंडा आणि संध्याकाळी सत्यनारायण असायचा. देश आणि देव एकाच मांडवात उरकले जायचे.

"तुमचं कासव पाहिजे," चेअरमन म्हणाले.

"कशाला?"

"अहो, साक्षात कूर्म! चौरंगापाशी ठेवू. नगरसेवक यायचेत."

"ते आजारी आहे हो. हलतसुद्धा नाही."

"मग तर उत्तमच!"

मी नाही म्हणायला हवं होतं. पण त्या संध्याकाळी घरात एकटं बसायचं नव्हतं, आणि त्यालाही एकटं सोडवेना.

चौरंगाशेजारी पाटावर त्याला बसवलं. बायकांनी त्याच्या पाठीला हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं. देवळातल्या दगडी कासवाला करतात तसं येईल तो त्याला हात लावून कपाळाला लावू लागला. नगरसेवकांचा फोटो नीट यावा म्हणून मांडववाल्याने दोन मोठे हॅलोजन चौरंगावर रोखले होते. पोथी वाचताना भटजींना घाम फुटला.

आरतीनंतर चेअरमन बोलायला उभे राहिले. आपल्या कारकिर्दीत बसलेल्या पंपापासून सुरुवात करून ते कासवावर आले. "बघा, हा स्थितप्रज्ञ! एवढी गर्दी, एवढा गोंगाट, पण जागचा हलतो का? सभासदांनी हा आदर्श..."

आदर्शाने मान बाहेर काढली. मग एकेक पाय. पाठीवरचं फूल सांडत ते पाटावरून उतरलं, चौरंगाला वळसा घालून पाच फळांपाशी गेलं आणि नैवेद्याच्या केळ्याचा लचका तोडला.

"चेअरमन, तुमचो देव उठलो!" आजी ओरडल्या. नगरसेवकसुद्धा हसले. मीही हसलो, अगदी मोठ्याने, आणि सवयीने शेजारी वळून पाहिलं. तिथे घडीची खुर्ची होती.

घरी येऊन त्याला खोक्यात ठेवलं. पाठीचं कुंकू पुसताना कवच हाताला लागलं, ते हॅलोजनने अजून चांगलं उबदार होतं. खोक्याखालची फरशी मात्र गार होती. खोक्याला लागूनच वातीचा स्टोव्ह होता, धूळ धरलेला. ही हिवाळ्यात रोज पहाटे त्याच्यावर आंघोळीचं पाणी तापवायची आणि ते उतरवलं की वाती बारीक करून डाळीचं पातेलं चढवायची. ती गेल्यापासून मी गार पाण्याने आंघोळ करत होतो. करू नकोस म्हणणारं कोणी नव्हतं.

म्हणजे ते झुरत नव्हतं. त्याला थंडी वाजत होती.

ते जगणार, हे आता दिसत होतं. त्याचा आनंद मला झालाच. पण खोक्यापाशी डबा घेऊन बसलेले आम्ही दोघं दुखवटेकरी होतो, त्यातला एक त्या संध्याकाळी कमी झाला.

सकाळी वाण्याकडून रॉकेल आणलं, वाती वर ओढल्या, स्टोव्ह पेटवला. नुसताच कशाला जाळायचा, म्हणून वर पाण्याचं पातेलं ठेवलं. कासव खोक्याच्या त्या बाजूला सरकलं आणि माठाची भाजी खाऊ लागलं. पाणी उकळलं. बराच वेळ मी ते उकळताना पाहत राहिलो. मग बादलीत ओतलं, आणि विसणायला गार पाणी किती घालायचं हे तिला विचारायचं राहूनच गेलं होतं, हे लक्षात आलं.