हातभर उंचीची कडी

दार वाजलं की आतून आधी आवाज यायचा, "कोण हाय? किती जण हायेत?" येणारं माणूस एकटं असेल तरच कडी सरकायची.

ती जाफराबादेत आमच्या मागच्या खोलीत भाड्याने राहत असे. गल्ली तिला आक्का म्हणायची. पोलिओने लहानपणीच दोन्ही पाय गेलेले. हातांवर रेटत ती खोलीभर फिरायची. दाराची वरची कडी काढून सुताराकडून ती जमिनीपासून हातभर उंचीवर बसवून घेतली होती. मुलांनो, तुम्ही राहता त्या शहरांत अशा सोयी इमारतीबरोबरच येतात. आमच्याकडे ती कडी बघायला शेजारच्या गल्लीतून बायका आल्या होत्या.

'किती जण' या प्रश्नाचं कारण सांगते. आई वारल्यावर भावाने तिला गावी गोठ्याशेजारच्या खोलीत ठेवलं. सगळे शेतावर गेले की दाराला बाहेरून कडी. एका बाजाराच्या दिवशी ती कडी लावायची राहिली, आणि जीपवाल्याच्या हातापाया पडून ती निघून आली. भाऊ काही राक्षस नव्हता. बहिणीला बाहेर काढलं, असं गाव म्हणतं, हे त्याला सोसत नव्हतं. तो दोनदा भावकीतली माणसं घेऊन तिला न्यायला आला. आक्का आतून कडी धरून बसली, आणि जीप गेल्यावरही दुपारपर्यंत तिने ती सोडली नाही.

हाताने फिरवायच्या शिलाई मशीनवर भाडं आणि भाकरी निघे. पाणी भरायला, कपडे धुवायला मात्र बाई हवी. अपंगांचं निराधार अनुदान मिळालं तर बाई लावता येणार होती. नाही मिळालं तर पुन्हा तोच गोठा. मी तिचा अर्ज तहसिलीत दिला आणि चौकशीला तलाठी येणार असा निरोप आला.

आता आमच्या गल्लीची रीत अशी, की साहेब माणूस दारी आला तर त्याने कुणाच्या घरी उणं बघू नये. समोरच्या काकूंनी आक्काच्या खोलीत खुर्ची आणली. कुणी सतरंजी अंथरली, कुणी स्टीलचा डबा मांडला. एका सुनेने पोहेसुद्धा केले. मी शाळेत शिकवून येते तो तलाठी आणि कोतवाल दारातच होते. "किती जण हायेत?" आतून आक्काने विचारलं. "दोघं साहेब आणि मी," असं मी म्हटल्यावर कडी सरकली.

तलाठ्याने खुर्चीवर बसून खोलीभर नजर फिरवली. "घर तं भरलेलं दिसून राह्यलंय. निराधार कोण हाय इथं?"

"आम्ही हाव ना साहेब," काकू अभिमानाने म्हणाल्या. "तिला काय कमी पडू देतो का?"

साहेबाने पेनला टोपण लावलं. मग आक्का हळूच म्हणाली, "काकू, तुमची खुर्ची न्या. पैले साहेबाला उठवा."

तिने सतरंजीचं टोक स्वतःच गुंडाळायला घेतलं, तेव्हा बायका उठल्या. ज्याचं त्याने उचललं. पोह्यांची ताटलीही गेली. कोतवाल तिच्याकडे बघत राहिला. मागे उरलं मशीन, स्टोव्ह आणि तळाला गेलेली घागर.

"इथं एकटं भ्या न्हाई वाटत?" तलाठ्याने उभ्या उभ्या विचारलं.

"लई वाटतं. पर कडी माझ्या हाताला येती, साहेब."

तो वाकला, कडी एकदा सरकवून पाहिली आणि पेनचं टोपण काढलं.

अनुदान सुरू झालं. भीती गेली नाही. दरवर्षी आपण जिवंत आहोत असं कचेरीत जाऊन दाखवावं लागे. आदल्या दिवसापासून तिला अन्न जात नसे. "बाई, मी जित्ती हाय हे त्यान्ला पटलंच न्हाई तं मंग?" मी हसायचे. ती हसत नसे. पैसे लांबले की रस्त्यावरची प्रत्येक जीप तिला भावाची वाटे.

काही वर्षांनी एका सकाळी मशीनचा आवाज आला नाही. मी दार वाजवलं, थांबले. प्रश्न आला नाही. तरी मी सवयीने म्हणाले, "मी एकटीच आहे, आक्का."

दार तोडायला सुताराला बोलवावं लागणार, असं मनात आलं आणि मी दारावर हात टेकला. ते उघडलं. आक्का उंबऱ्याशी भिंतीला टेकून होती, अंग गार पडलेलं. कडी तिने आधीच काढून ठेवली होती.