टिकली लावलेली फ्लॉपी

आमचे साडभाऊ बसलेले पाहिले, असं सांगणारा माणूस अख्ख्या चिखलीत सापडणार नाही. जेवतानासुद्धा त्यांचा एक गुडघा उभा असतो. ताटावरून उठायला सोपं जावं म्हणून. माझी बायको आणि त्यांची बायको सख्ख्या बहिणी. या नात्याच्या जोरावर मी कित्येक वर्षं त्यांच्या घरी जातो आहे, पण त्यांच्याबरोबर एक कप चहा धड बसून प्यायचा योग काही येत नव्हता. कपात चहा ओतला की भाऊ आतल्या खोलीत. आतून 'घर्र, खट, खट' असा आवाज सुरू झाला की समजायचं, त्यांच्या चहावर आता साय धरणार.

तो आवाज फ्लॉपी वाचणाऱ्या ड्राइव्हचा. भाऊ शाळेत गणिताचे मास्तर होते. शाळेत पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्याला हात लावायची कोणाची छाती होईना, म्हणून तो गणिताच्या मास्तरांच्या गळ्यात पडला. त्याच्यासाठी स्वतंत्र खोली, खाली गालिचा, खिडकीला जाड पडदे, आणि हेडमास्तरांनीही चपला बाहेर काढूनच आत यायचं. तेव्हाची फ्लॉपी म्हणजे तळहातापेक्षा जराशी मोठी, काळी, चौकोनी, पापडासारखी वाकणारी वस्तू. तिच्या पोटात एक तपकिरी तबकडी फिरे आणि लिहिलेलं सगळं त्या तबकडीवर राही. पुढे शाळेनं ते सामान भंगारात काढलं आणि भाऊंनी ते हातगाड्यावर घालून घरी आणलं. ड्राइव्ह मात्र त्यांनी गाड्यावर ठेवू दिला नाही. तो पोटाशी धरून भर बाजारातून ते चालत आले.

या कारभारात माझाही थोडा हात आहे, तो असा. मी एसटीत कंडक्टर होतो. शाळेला मिळायच्या त्या फ्लॉप्या एका बाजूनं वापरायच्या. भाऊंचं म्हणणं, लिहिलेलं धरून ठेवणारा मसाला तबकडीला दोन्ही बाजूंनी लावलेला असतो, मग एकच बाजू काऊन वापरायची? फ्लॉपीच्या एका कडेला चौकोनी खाच असते. खाच उघडी असली तर ड्राइव्ह तिच्यावर लिहू देतो, झाकली तर लिहू देत नाही. दुसऱ्या कडेला तशीच खाच पाडली की फ्लॉपी उलटी घालून पाठीवरही लिहिता येतं. मधे एक बारीक छिद्रही लागतं. ते भाऊ घरी स्वतः पाडत आणि कसं पाडतात ते कोणालाच सांगत नसत. खाचेसाठी मात्र त्यांना माझा तिकिटाचा पंच लागे. माझी गाडी चिखली स्टँडवर लागली की हे फ्लॉप्यांची चळत घेऊन मागच्या दारानं वर. मी टिकटिक करत एकेक कड कुरतडत बसे आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवत बसे. एकदा मेहकरच्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, हे कोणत्या गावचं तिकीट? भाऊ गंभीरपणे म्हणाले, "जाऊन-येऊन हाये."

खाच झाकायची म्हणजे चिकटपट्टी हवी. फ्लॉप्यांबरोबर आलेल्या चंदेरी पट्ट्या लवकरच संपल्या आणि भाऊंची नजर ताईंच्या टिकल्यांवर गेली. ताई म्हणजे त्यांची बायको, माझी थोरली मेहुणी. मखमली, मरून, चांगली रुपयाएवढी टिकली. खाचेवर अशी बसे की उजेडाला वाव नाही. ताई बाजारातून पाकीट आणत आणि चार दिवसांत त्यांच्या कपाळाला एक उरे, बाकीच्या सातवीच्या मार्कांच्या फ्लॉप्यांवर. बाईनं कधी तक्रार केली नाही. उलट भाऊ कामात असले की त्या स्वतःच एकेक टिकली काढून पुढे करत.

ताईंचा गळा गोड होता. मुलगी झाली तेव्हा त्यांनी तिच्यासाठी स्वतःच्या चालीचा पाळणा रचला. भाऊंनी ठरवलं, हा पाळणा कॉम्प्युटरकडून वाजवून घ्यायचा. मग ताई एक सूर म्हणणार, भाऊ त्याचा आकडा शोधून बडवणार, 'पुन्हा म्हण' म्हणणार. मुलगी झोपायच्या ऐवजी टक्क जागी. शेवटी कॉम्प्युटर 'टूं टूं' करत अख्खा पाळणा वाजवू लागला आणि तो मार्कांच्याच एका फ्लॉपीच्या पाठीवर उतरवून ठेवला.

ताई गेल्या, त्याला आता बरीच वर्षं झाली. तेव्हापासून भाऊंच्या पायाला जे चाक लागलं ते लागलंच. खामगाव, अकोला, जालना, जिथं कुठं भंगाराचं दुकान असेल तिथं जुना ड्राइव्ह शोधत फिरायचं. आणलेला खोलायचा, स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायचा, जोडायचा, समाधान झालं नाही की परत खोलायचा. जालन्याला त्यांना दोन डोक्यांचा ड्राइव्ह मिळाला, म्हणजे फ्लॉपीच्या दोन्ही बाजू एकदमच वाचणारा. ते महिनाभर भाजीवालीलाही सांगत सुटले की आता उलटायची कटकट मिटली.

घरातली हरेक फ्लॉपी त्यांनी त्या ड्राइव्हमध्ये घालून पुढची बाजू वाचून पाहिली. एकच घातली नाही, पाळण्याची. ती स्टीलच्या डब्यात रुमालात गुंडाळलेली असे. मी एकदा विचारलं, एवढी तयारी चालली आहे, मग हीच का नाही? तेव्हा हातातला बोळा फिरवायचा थांबवून ते म्हणाले, "कंडक्टर, जुनी झाली का हिचा मसाला सुटते. एक डाव फिरवली अन् खरवडली गेली, तं संपलं. जोवर घातली नाही, तोवर तिचा आवाज आत हाये." त्यानंतर मी त्यांच्या भंगारावर विनोद करायचं जरा कमी केलं.

यंदा भाऊंची मुलगी, म्हणजे माझी भाची, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली. बारशाला बायका पाळणा म्हणणारच. भाचीचा हट्ट, की आईचाच हवा. शब्द माझ्या बायकोला पाठ होते. चालीचं विचाराल, तर तिचा पाळणा दोन ओळींनंतर गणपतीच्या आरतीत शिरतो. भाचीच्या ओठांवर चाल येई आणि निसटे. मोबाइलवरचे पाळणे ऐकवायला गेलो तर ती बापाकडे बघून एवढंच म्हणाली, "बाबा, ते आत ठेवून काय करता? माही पोरगी बाहेर हाये."

बारशाच्या आदल्या दुपारी भाऊंनी डबा उघडला. त्याआधी त्यांनी पंखा बंद केला, चालू केला, मला चपला काढायला लावल्या, लाइट जाईल का म्हणून दोनदा शेजारी विचारून आले. फ्लॉपी घातली. घर्र, खट. पडद्यावर सातवीच्या मुलांचे चाचणीचे मार्क आले. ती पुढची बाजू. मग भाऊंनी ड्राइव्हला दुसऱ्या डोक्यानं पाठ वाचायला सांगितलं. घर्र, खट, खट, आणि काहीच नाही. पुन्हा तेच. तबकडी फिरत होती तोवर भाऊंनी श्वास घेतला नसावा. ते अंगणात गेले, आत आले, परत अंगणात गेले. मग फ्लॉपी काढून माझ्या हातात दिली आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "गेलं."

भाची बाळाला मांडीवर घेऊन दारात बसली होती. मला काय करावं सुचेना, म्हणून मी फ्लॉपी नुसती चाचपत उभा राहिलो. एका कडेला ताईंची मरून टिकली. दुसऱ्या कडेला माझ्या पंचाचे गोल गोल, वाकडे चावे.

मी म्हटलं, "भाऊ, ही खाच तं माझी हाये. उलटी घालून पाहा ना."

भाऊ वळले. माझ्याकडे पाहिलं, फ्लॉपीकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. पाळणा जुन्या, एका डोक्याच्या ड्राइव्हवर फ्लॉपी उलटवून लिहिलेला होता. न उलटता वाचायला गेलं की तबकडी पाळण्याच्या लेखी उलटी फिरते. शाळेच्या पोरांना हे शंभरदा शिकवलेला माणूस, पण दोन डोक्यांच्या कौतुकात आणि भीतीत नेमकं हेच विसरला होता. "मी तिले उलटं फिरवून राह्यलो," ते पुटपुटले. मग भाचीनंच बाळ मावशीकडे, म्हणजे माझ्या बायकोकडे, दिलं, फ्लॉपी उलटली आणि आत सरकवली.

घर्र झालं. मग टूं टूं सुरू झालं. आवाज घड्याळाच्या गजरासारखा, पण चाल ताईंची. माझी बायको एका हातानं बाळ सावरत, चाल टिपायला दुसऱ्या हातानं मोबाइल पुढे धरून रडत होती. मधेच एका ठिकाणी सूर भलतीकडे घसरला. मला वाटलं, खरवडली. भाऊ म्हणाले, "ते माह्या हातानं चुकलेलं बटन हाये. दुरुस्त करतो म्हटलं, तं तुही आई म्हणे, राहू द्या, आता मीच तसं म्हणत जाईन."

"मले तसंच आठवते," भाची म्हणाली.

फ्लॉपी बाहेर काढल्याबरोबर भाऊ पुन्हा कासावीस. ती पाठची खाच इतकी वर्षं उघडी होती, कोणी चुकून वर लिहिलं असतं तर? चिकटपट्टी शोधायला ते कपाटाकडे धावले. भाचीनं कपाळावरची टिकली काढली आणि माझ्या पंचानं पाडलेल्या खाचेवर दाबून बसवली.

दुसऱ्या दिवशी बारशाला चिखलीच्या बायकांनी तो पाळणा म्हटला, चुकलेल्या सुरासकट. सव्वा महिन्यानंतर भाची पुण्याला गेली. परवा मी बायकोबरोबर भाऊंकडे गेलो, तर ते खुर्चीत बसलेले होते. दोन्ही गुडघे खाली. ड्राइव्हवर कापड घातलेलं. त्यांनी माझ्यासमोर अख्खा चहा गरम गरम प्यायला आणि कप खाली ठेवून तसेच बसून राहिले. इतकी वर्षं मला हेच हवं होतं, आणि मला तिथं बसवेना. तिकिटाची मशीन आल्यापासून माझा पंच घरी नुसता पडून असतो. त्या दिवशी कसा कोण जाणे, तो खिशात होता. मी तो काढून दोनदा टिकटिक केलं आणि विचारलं, एखादी फ्लॉपी खाच पाडायची राहिली आहे का?

भाऊंनी थोडा विचार केला. "असंन ना," म्हणाले आणि उठून आत गेले. माझ्या बायकोनं आम्हा दोघांसाठी चहाचा दुसरा कप आणून ठेवला होता. माझा मी एकट्यानंच प्यायलो. भाऊंच्या कपावर साय धरली, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.