तुलनेचा तक्ता

तारापूरच्या एका कारखान्यात मी खरेदी विभागात आहे. साधा पंप घ्यायचा तरी तीन पुरवठादारांचा तुलनेचा तक्ता करायचा, ही वीस वर्षांची सवय. सरावलीत राहणाऱ्या थोरल्या भावाचं यकृत निकामी झालं आणि माझं जुळतंय असं कळलं, तेव्हाही मी तक्ताच केला.

दात्याच्या यकृताचा भाग काढायच्या तीन पद्धती मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितल्या होत्या: पोट उघडून, दुर्बिणीतून, नाहीतर रोबोटने. मी रकाने आखले. रक्तस्राव, दवाखान्यातले दिवस, व्रणाची लांबी. दुर्बिणीची अवजारं सरळसोट, रोबोटचं मनगट वळतं, पण त्याला वेळ जास्त. दर खेपेला नवा प्रश्न काढायचो. शेवटी डॉक्टर म्हणाले, "पद्धत आम्ही ठरवू. तुम्ही फक्त हो की नाही ते सांगा."

"थोडी माहिती राहिलीय," मी म्हणालो.

माहिती राहिली नव्हती. मी घाबरलो होतो. तिकडे भावाचे डोळे पिवळे होत चालले होते.

धाकटी बहीण चिंचणीत दिलेली. ती आली, तक्ता पाहून हसली. "दादा, अण्णासाठी टेंडर काढलंस होय? चालू दे तुझं सावकाश. मी तपासून आले. माझंही जुळतंय."

मी तिला थांबवलं नाही.

तिची शस्त्रक्रिया दुर्बिणीतून सुरू झाली. मध्येच रक्त आवरेना, म्हणून पोट उघडावं लागलं. सर्जन बाहेर येऊन हे सांगत होते आणि मी मान हलवत होतो. तसं होण्याची शक्यता किती, असा एक रकाना माझ्या तक्त्यात होता. त्यात मी 'क्वचित' लिहिलं होतं. मग कँटीनमध्ये जाऊन चहा प्यायलो, बिस्किटं खाल्ली. काहीच वाटलं नाही.

भाऊ आता कामावर जातो. "तू एवढी चौकशी केलीस म्हणून मी वाचलो," असं आल्यागेल्याला सांगतो. मी विषय बदलतो.

बहिणीला जड उचलायची मनाई होती, म्हणून दर रविवारी तिचं पाणी भरायला जायचो. मनाई उठून वर्ष झालं. तरी जातो. हल्ली मी पोचायच्या आत तिने हंडे भरून ठेवलेले असतात.

"बस, चहा टाकते," ती म्हणते.