शास्त्रीबुवांनी पाणी गोठवलं

ब्रह्मा घाटावर बिंदुमाधवशास्त्र्यांइतका कडक वेदगुरू शोधून सापडायचा नाही. शिष्याचा स्वर जरा घसरला की त्यांच्या बोटांची पेरं पाटावर खाडकन् आपटायची. खोड हाडीमाशी खिळलेली. एकदा यजमानानं स्वतःचंच गोत्र चुकीचं सांगितलं, तेव्हा भर पूजेत चौरंग वाजला होता!

यंदा मात्र बुवांची सत्तरी उलटली म्हणून वसंतपूजेत मंत्रघोषाचं मुख्य आसन त्यांच्याच शिष्याला, विश्वेशला द्यावं, अशी कुजबुज सुरू झाली. बुवांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यात पुतणी मृणालिनी, विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकवणारी, जेवताना सहज बोलून गेली की स्वच्छ पाणी हलवलं नाही तर शून्याखालीही पातळच राहतं, आणि त्यात ध्वनिलहरी सोडल्या की क्षणात गोठतं.

"नादानंच ना? मग आमचा नाद काय कमी आहे?"

"काका, त्या लहरी कानाला ऐकूसुद्धा येत नाहीत. मशीन लागतं त्याला."

पण काका ऐकतात थोडेच! घाटभर सांगून मोकळे झाले: माझ्या पठणानं पाणी गोठलं नाही, तर आसन विश्वेशचं.

झालं! ठरल्या दिवशी बैठकीत माणसं मावेनात. मृणालिनीनं फ्रीजरमधली बाटली श्वास रोखून टेबलावर ठेवली. बुवांनी पठण सुरू केलं. आवाज काय तो, अहाहा! पाणी ढिम्म. बुवांच्या कपाळावर घाम आला. जीभ किंचित अडखळली, वर जायचा स्वर खाली गेला, आणि पेरं खाडकन् टेबलावर आपटली. बाटलीत वरपासून खालपर्यंत बर्फ सरसरत उतरला.

"हर हर महादेव!" जो तो पाया पडायला धावला. विश्वेश तेवढा मान खाली घालून बसला होता.

"काका, ते टेबलाच्या दणक्यानं झालं हं," मृणालिनी कानाशी कुजबुजली.

"ठाऊक आहे गं." दणका कशापायी बसला, ते मात्र तिला ठाऊक नव्हतं. पठण तर बुवा एकटेच करत होते. म्हणजे घसरलेला स्वर त्यांचाच होता.

"आसन विश्वेशला द्या," ते म्हणाले.

"जिंकूनही सोडलं! केवढा हा मोठेपणा!" लोक आणखीच भारावले. मेली बेअब्रूसुद्धा सुखानं पदरात पडेना!

वसंतपूजेला विश्वेश मुख्य आसनावर बसला. बुवा मागच्या रांगेत, उजवा हात मांडीखाली दाबून. मध्येच एक स्वर त्यांना खटकला. हात वळवळला. पण चूक विश्वेशची की आपल्या कानाची, हे काही केल्या कळेना, म्हणून त्यांनी तो तसाच दाबून धरला.